रेटिनाचं लेसर आणि त्यानंतरचे महिने : जळगावच्या एका दवाखान्याबद्दल

चोपड्यात माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. साखरेचा आजार जुना. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, तरी गेल्या उन्हाळ्यात दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, लेसर करावं लागलं. जळगावातल्या एका रेटिनाच्या दवाखान्यात ते झालं. त्याबद्दल लिहा, असं पुतण्या तेव्हापासून म्हणतो आहे, पण मी मुद्दाम थांबलो होतो. लेसर करून घरी आल्या आल्या लिहिलेल्या मताला फारशी किंमत नसते. डोळा सावरायला महिने लागतात आणि दवाखाना कसा आहे ते त्या महिन्यांतच कळतं. नाव लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही लिहायच्या आहेत. शिवाय खाली लिहिलेली प्रत्येक गोष्ट तुम्हाला कुठल्याही दवाखान्यात विचारून बघता येईल. लेसरची मशीन आता बऱ्याच ठिकाणी आली. मशीनवरून उठलेल्या माणसाला पुढे कसं सांभाळतात, यावरून मी दवाखाना जोखतो.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या गिऱ्हाइकांना पटत नाही. मला कमी दिसत नव्हतं. चष्मा लावून कीटकनाशकाच्या बाटलीवरचा बॅच नंबर, मुदतीची तारीख, सगळं वाचत होतो. आमचे चोपड्याचे फिजिशियन दरवर्षी मागे लागतात, "आप्पा, पडदा तपासला का यंदा?" त्यांच्या चिठ्ठीवर गेलो. भिंतीवरच्या तक्त्याची खालची ओळ बरोबर वाचली. मग थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, पडद्याचे फोटो काढले, ओसीटी नावाची तपासणी केली. तिच्यात पडद्याचे थर कापलेल्या वडीसारखे स्क्रीनवर दिसतात. आणि डाव्या डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या निघाल्या. उजव्यात त्या अजून नव्हत्या, पण तोही त्याच वाटेवर होता. पडद्याचा मधला भाग शाबूत असेपर्यंत माणूस नीट वाचत असतो आणि कडेकडेने आजार वाढत राहतो. म्हणून साखर असलेल्याने दिसतंय तोवरच वर्षातून एकदा पडदा दाखवावा, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून समजावलं, घाई केली नाही. साखरेमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, काही बंद पडतात. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो प्राणवायूसाठी हाकाटी करतो, आणि त्या हाकाटीने नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात. फुटल्या की डोळ्याच्या आतल्या जेलीत रक्त उतरतं, आणि पुढे त्यांच्या जाळ्याने पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो. लेसरने कडेचा उपाशी पडदा ठिकठिकाणी भाजतात. मागणी घटते आणि नव्या वाहिन्या सुकतात. मधला, वाचायचा भाग राखला जातो. मी म्हटलं, "म्हणजे केळीच्या बुंध्याशी आलेली पिलं कापतो आपण, तसंच ना?" डॉक्टर यावलकडचेच निघाले. म्हणाले, "अगदी तसंच काका, मोठं झाड जगावं म्हणून."

पुढचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं आणि माझ्या घरच्यांकडूनही परत म्हणवून घेतलं: लेसरने नजर वाढणार नाही, आहे ती टिकवायची आहे. उलट काही दिवस थोडं कमी दिसेल, आणि अंधारातलं दिसणं कायमचं थोडं कमी होऊ शकतं.

हे एक वाक्य न सांगितल्याने काय होतं ते मी घरातच पाहिलं आहे. धुळ्याकडच्या माझ्या साडूंना काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी हेच लेसर केलं. नजर वाढेल की टिकेल, कोणी काही बोललं नाही. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे त्यांना आधीपेक्षा अंधुक दिसलं. त्यांना वाटलं, डोळा बिघडवला. उरलेलं लेसर करायला ते परत गेलेच नाहीत. पुढे त्या डोळ्यात रक्त उतरलं आणि मोठ्या ऑपरेशनची वेळ आली. आता त्या डोळ्याने त्यांना समोरच्या हाताची बोटं तेवढी मोजता येतात. माणूस हिंमतीचा आहे, शेती सोडली नाही, पण त्यांच्याकडे पाहिलं की मला राग येतो. लेसर नीटच झालं असेल. सांगणं राहिलं.

डॉक्टरांनी इंजेक्शनांचा पर्यायही सांगितला, तो लपवला नाही. डोळ्यात द्यायची ही औषधं नव्या वाहिन्या फुटायला लावणारा संदेशच अडवतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ती दोन वर्षांनंतर लेसरपेक्षा कमी ठरली नव्हती, आणि कडेची नजरही त्यांत जास्त राहते. पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि मध्येच तारखा बुडवल्या तर आजार उसळी मारतो. त्यांनी विचारलं, "खरिपात दुकान सोडून दर महिन्याला येणं जमेल?" मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. मग लेसर ठरलं. रोग्याचं काम काय, तो कुठून येतो, हे विचारून उपचार ठरवणं मला आवडलं.

"लेसर म्हणजे डोळा जाळतात" असं आमच्याकडे सर्रास बोलतात, त्याने माणसं बिचकतात. हा उपचार काही कालपरवाचा नाही. १० जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर, ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघून पडदा भाजलेले रोगी जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ या डॉक्टरांनी पाहिले. भाजल्याचा तो वण बघून त्यांना सुचलं की प्रकाशानेच पडदा बांधूनही ठेवता येईल. सुरुवातीला त्यांनी हॅम्बुर्गमध्ये गच्चीवरून आरशांनी ऊन आत आणून रोग्यांच्या डोळ्यात सोडलं होतं. साठच्या दशकात लेसर आलं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सतराशेहून अधिक रोग्यांच्या अभ्यासाने दाखवलं की, अशा डोळ्यांत नजर फार खालावण्याचा धोका लेसरने निम्म्याहून कमी होतो. माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिने हे वाचून दाखवलं तेव्हा घरातली भीती पुष्कळ उतरली.

आता प्रत्यक्ष लेसर. पडद्यावर सगळीकडे करायचं लेसर सहसा एका बैठकीत उरकत नाही. एका डोळ्याला साधारण बाराशे ते सोळाशे डाग द्यावे लागतात, ते आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने वाटून देतात. बधिर करायचे थेंब, मग डोळ्यावर जेल लावलेली जाड भिंग, हनुवटी मशीनवर, डोक्यामागे पट्टा. हिरव्या उजेडाचे झटके बसत राहतात आणि मशीन टकटक करत राहतं. पहिली बैठक सोसवली. नंतरच्या एका बैठकीत डोळ्याच्या बाजूला, घड्याळात तीन आणि नऊ वाजतात त्या रेषेवर आले तेव्हा कानशिलापर्यंत कळ गेली. तिथून डोळ्याच्या लांब नसा जातात म्हणे. मी हात वर केला. डॉक्टर लगेच थांबले, ताकद कमी केली, झटक्याचा वेळ कमी केला, आणि पुढच्या वेळी अर्धा तास आधी पॅरासिटामॉलची गोळी घेऊन बसायला सांगितलं. फरक पडला. "दुखलं तर हात वर करा, डोकं मागे घेऊ नका" हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. डोकं हललं तर लेसर भलतीकडे लागू शकतं, म्हणून हे आधी सांगायलाच हवं.

माझी मोठी तक्रार इथेच आहे. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब सकाळी टाकले आणि लेसरला नंबर लागला तो दुपारी. थेंबांचा अंमल अर्ध्या तासात चढतो, मग पाच-सहा तास जवळचं अक्षर दिसत नाही. त्या अवस्थेत बिलाच्या खिडकीसमोर रांगेत उभं करून संमतीच्या कागदावर सही मागितली. कागद थेंब टाकण्याआधी वाचायला द्यावा, एवढी साधी गोष्ट आहे. दुसरं, तिथे बसलेले बहुतेक सगळे साखरेचे रोगी. गोळी घेऊन, इन्शुलिन टोचून सकाळी घरून निघालेले. माझ्या शेजारी बसलेल्या रावेरकडच्या एका आजींचे हात थरथरायला लागले, घाम फुटला. माझ्या घरच्यांनी पिशवीतली केळी आणि बिस्किटं दिली तेव्हा सावरल्या. नर्स धावत आली, साखर तपासली, तिचं वागणं चांगलंच होतं, पण मुळात अशी वेळ येऊ नये. लेसरसाठी उपाशीपोटी यायची गरज नसते, हे फोनवर तारीख देतानाच सांगायला हवं, आणि प्रतीक्षेच्या खोलीत काही खायला मिळायला हवं. पश्चिमेच्या काचांतून येणारं मे महिन्याचं ऊन त्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांना किती टोचतं, ते तिथे बसलेल्यालाच कळतं. पडदे लावा, असं मी तक्रारवहीत लिहून आलो. पुढच्या वेळी गेलो तर जाड पडदे लागले होते, हेही नोंदवतो. खाण्याची सोय मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

लेसरनंतर उठलो तेव्हा त्या डोळ्यापुढे काही मिनिटं काळोख होता, मग सगळ्याला गुलाबी झाक आली, मग हळूहळू खोली दिसू लागली. हे असंच होणार, हे नर्सताईंनी आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरलो नाही. हाच मला या दवाखान्याचा खरा गुण वाटतो. घरी जाताना त्यांनी एक कागद दिला, मराठीत, इतक्या ठळक मोठ्या अक्षरांत की चष्म्याशिवायही वाचावा. आज रात्री काय होईल, या आठवड्यात काय होईल, महिनाभर काय राहील, आणि काय झालं तर त्याच दिवशी फोन करायचा, असं ओळीने लिहिलेलं. डोळा चोळू नका. अंघोळ, टीव्ही, मोबाइल चालेल. त्या दिवशी गाडी चालवू नका. थेंब किती दिवस, ते बाटलीच्या टोपणाच्या रंगासकट लिहिलेलं. अचानक काळे ठिपके किंवा जाळं दिसलं, विजा चमकल्या, कडेने डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं, डोळा ठणकून मळमळलं, तर वाट बघू नका. खाली फोन नंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला, "काका, रात्री दुखलं का?"

दुखलं होतं. विदगावचा तापीचा पूल येईपर्यंत कपाळ जड झालं होतं. पुतण्या गाडी चालवत होता, मी काळा गॉगल लावून, वर टॉवेल घेऊन डोळे मिटून बसलो. रात्री गोळी घेऊन झोपलो. सकाळी डोळा लालसर होता, उजेड सोसवत नव्हता. दोन-तीन दिवसांत ते ओसरलं. शेजारच्या म्हाताऱ्या काकू रोज ओट्यावरून विचारायच्या, "डोया कसा शे आते?" आणि मी म्हणायचो, "बरा शे माय."

खरा त्रास त्यानंतरचा, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो. डाव्या डोळ्याने अक्षरांवर धुकं बसल्यासारखं झालं. दवाखान्याने चौकटी आखलेला एक कार्ड दिला होता, मध्ये एक ठिपका. एकेक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं, रेघा वाकड्या दिसतात का ते पाहायचं. तो मी दुकानात कालनिर्णयशेजारी चिकटवला होता. एका सकाळी रेघा मध्येच लवलेल्या दिसल्या. खतावणीच्या रेघाही तशाच. फोन केला, बोलावलं, ओसीटी केली. मधल्या भागाला थोडी सूज होती. लेसरनंतर अशी सूज काही जणांना येते, थेंब वाढवून देतो, उतरेल, असं सांगितलं. उतरली, पण त्याला काही आठवडे लागले. तोवर खतविक्री नोंदवायच्या पॉस मशीनवरचे आकडे पुतण्या वाचायचा आणि मी नुसता गिऱ्हाइकांचे अंगठे घ्यायचो. खरिपाच्या तोंडावर हे अवघड गेलं.

ओझ्याचंही तसंच. युरियाची गोणी ४५ किलोची, आणि आमच्याकडे मालकानेही हात लावायची रीत. नव्या वाहिन्या सुकेपर्यंत जोर काढून उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एक हमाल जास्तीचा लावला, त्याचा खर्च झाला. ज्यांचं काम अंगमेहनतीचं आहे त्यांनी लेसरची तारीख घेतानाच हा हिशेब धरावा. मला विचाराल तर पेरणी संपल्यावरची तारीख मागावी, पण डॉक्टर थांबू नका म्हणाले तर थांबू नये.

आणि मग पावसाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी दुकान बंद करताना डाव्या डोळ्यापुढे काळा धागा तरंगला. बघता बघता त्याचं कोळ्याचं जाळं झालं. मी साडूंचाच विचार केला, खोटं कशाला सांगू. कागदावरच्या नंबरला फोन लावला. रविवार असून उचलला गेला. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: पडदा ओढल्यासारखं वाटतंय का, विजा चमकतायत का. दोन्हींना नाही म्हटलं, तेव्हा डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपा आणि सकाळी पहिल्यांदा मलाच दाखवा, असं सांगितलं. सकाळी सोनोग्राफी करून पडदा जागेवर असल्याची खात्री केली. एक उरलेली वाहिनी किंचित झिरपली होती. रक्त आपोआप शोषलं जाईल, म्हणाले, आणि थोडं निवळल्यावर राहिलेल्या जागी आणखी लेसर केलं. नव्या वाहिन्या लेसरनंतर लगेच वाळत नाहीत, त्याला आठवडे लागतात, मधल्या काळात असं होऊ शकतं, हे त्यांनी समजावलं. श्रावण संपेपर्यंत जाळं विरळ झालं, आता उजेडात पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं तर एखादा धागा दिसतो. त्या रविवारच्या फोनसाठी मी या दवाखान्याचा ऋणी आहे.

कायमचं काय बदललं? अंधार. उन्हातून दुकानात आलो की नजर बसायला वेळ लागतो. तिन्हीसांजेला मोटारसायकल मी सोडली, समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने रस्ता हरवतो. बाजूने येणारा माणूस उशिरा दिसतो, म्हणून बाजारात मान वळवून चालायची सवय लावून घेतली. कानबाईच्या उत्सवाच्या रात्री मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गेलो. जिन्यात आणि न्हाणीकडच्या वाटेवर छोटे दिवे लावले. दिवसाचं वाचन पूर्वीइतकंच आहे, तक्त्याची खालची ओळ आजही वाचतो. ही देवाणघेवाण मला मान्य आहे, आणि ती मला आधी सांगितली होती म्हणूनच मान्य आहे.

खर्चाचं : तपासण्यांचे वेगळे, लेसरचे डोळ्यामागे वेगळे पैसे, सगळं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं. नंतर वाढीव लेसरचे वेगळे पैसे घेतले नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा तुमच्या विम्यात काय बसतं ते तपासणीआधीच काउंटरला विचारा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

दर भेटीत साखरेचा, बीपीचा आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट मागतात. एकदा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा रिपोर्ट, जुना होता तर नवा करून आणायला लावला. लेसर केलं म्हणून साखर सोडून देता येत नाही, डोळा पुन्हा तिथेच जातो. मुलगी आता माझ्या शेवभाजीबरोबरच्या भाकरी मोजते.

पाचपैकी चार तारे देतो. पाचवा तारा प्रतीक्षेच्या खोलीसाठी राखून ठेवला आहे. चोपडा, यावल, रावेरकडून जाणार असाल तर रेटिनाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, सोबत गाडी चालवणारं माणूस, काळा गॉगल, जेवणाचा डबा आणि सगळे जुने रिपोर्ट घ्या. जेवून निघा. आणि मशीनवर बसण्याआधी विचारा की रविवारी रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल.